उजेड बोचतो, आवाज लागतो : सैनिकाची न दिसणारी जखम

लढाईवरून परतलेल्या माणसाचे आपण आधी हातपाय पाहतो. हात शाबूत, पाय शाबूत, डोळे ठीक. मग घरचे म्हणतात, सुखरूप आला. पुढे महिनाभरात घरात कुरकुर सुरू होते. ट्यूबलाइट लावली की हा डोळ्यांवर हात धरतो. कुकरची शिट्टी झाली की उठून बाहेर जातो. हातातले ताट पडले तर पोरांवर खेकसतो. लग्नाच्या मांडवात दहा मिनिटे बसत नाही. शेजारी म्हणतात, मिलिटरीत जाऊन डोके फिरले. कोणी म्हणते दारूचा परिणाम, कोणी म्हणते माज.

असे बोलण्याआधी एक शक्यता तपासली पाहिजे. स्फोटाच्या हादऱ्याने मेंदूला इजा झाली असेल, किंवा मरण जवळून पाहिल्याने मनावर खोल घाव बसला असेल, तर उजेड, आवाज, वास, गर्दी या रोजच्या गोष्टी सोसेनाशा होतात. हा स्वभावदोष नाही, नाटक नाही आणि भित्रेपणा तर नाहीच. ही जखम आहे. ती कशी होते, कशी ओळखायची आणि घरच्यांनी काय करायचे, ते या वेळी आम्ही सांगणार आहोत.

हा विषय आपल्यासाठी परका नाही. महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात उभी राहिली. आपल्या किती तरी घरांच्या भिंतीवर गणवेशातला फोटो आहे. आज आपली मुले सैन्यात आहेत, केंद्रीय राखीव दलात आहेत, गडचिरोलीच्या जंगलात भूसुरुंगाच्या वाटेवर गस्त घालणाऱ्या पोलिसांतही आहेत. म्हणून हे आधीच माहीत असलेले बरे.

एका तळावरचे ११० सैनिक

इराकच्या पश्चिम भागात अल-असद नावाचा हवाई तळ आहे. तिथे अमेरिकेचे सैनिक होते. ८ जानेवारी २०२० रोजी इराणने या तळावर दहाहून अधिक क्षेपणास्त्रे टाकली. हल्ल्याची सूचना आधी मिळाल्यामुळे बरेच सैनिक खंदकांत आणि बंकरमध्ये शिरले होते. कोणी मेले नाही. आपल्या एकाही माणसाला इजा झाली नाही, असे अमेरिकन सरकारने जाहीर केले.

नंतर एकेक सैनिक दवाखान्याच्या दारात येऊ लागला. डोके ठणकते, चक्कर येते, उजेडाकडे बघवत नाही, कानात आवाज घुमतो, काही लक्षात राहत नाही. आठवडाभराने सरकारने ११ जणांचा आकडा सांगितला. मग तो ३४ झाला, ५० झाला, ६४ झाला आणि फेब्रुवारीत ११० वर पोहोचला. या ११० सैनिकांच्या मेंदूला इजा झाल्याचे निदान डॉक्टरांनी केले होते. दरम्यान राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी जानेवारीत पत्रकारांसमोर ही डोकेदुखी आहे, फार गंभीर काही नाही, अशा अर्थाचे बोलून टाकले. त्यावर माजी सैनिकांच्या संघटनेने त्यांच्याकडे माफीची मागणी केली. पुढे यांतल्या अनेक सैनिकांना 'पर्पल हार्ट' हे पदक मिळाले. शत्रूच्या हल्ल्यात जखमी झालेल्यालाच ते दिले जाते. म्हणजे रक्ताचा थेंब न सांडताही माणूस युद्धात जखमी होतो, हे सरकारलाही मान्य करावे लागले.

यातून दोन गोष्टी शिकायच्या. एक, ही इजा पहिल्या दिवशी दिसेलच असे नाही. दोन, मोठ्या पदावरच्या माणसाने 'काही झाले नाही' म्हटले म्हणून जखम नाहीशी होत नाही.

स्फोटाने मेंदूत काय होते?

स्फोट झाला की हवेचा प्रचंड दाब लाटेसारखा धावतो. ही लाट आधी कानावर आदळते, म्हणून पडदा फाटणे, ऐकू कमी येणे, कानात सतत शिट्टी वाजणे हे त्रास सैनिकांत फार आढळतात. अमेरिकेत माजी सैनिकांना ज्या ज्या व्याधींसाठी भरपाई मिळते, त्यांत कानात आवाज येण्याच्या व्याधीचा क्रमांक पहिला आहे.

तीच लाट डोक्यालाही हादरा देते. मेंदू दह्यासारखा मऊ असतो. कवटीच्या आत तो हिंदकळतो, त्यातले बारीक मज्जातंतू ताणले जातात आणि पेशींचे रासायनिक गणित बिघडते. सौम्य इजेत साधा सीटी स्कॅन बहुतेक वेळा स्वच्छ येतो, कारण हे तंतू इतके सूक्ष्म असतात की त्यात दिसत नाहीत. 'रिपोर्ट नॉर्मल आहे, मग दुखते कसे?' या प्रश्नाचे उत्तर हे आहे.

आता उजेड का बोचतो ते पाहू. आपल्या मेंदूला क्षणाक्षणाला हजारो खबरा मिळत असतात : पंख्याची घरघर, बाहेरची रिक्षा, अंगावरचा शर्ट, समोरचा दिवा. निरोगी मेंदू यांतल्या बहुतेक खबरा दारातच अडवतो आणि कामाच्या तेवढ्या आत सोडतो. या दारावरच्या पहारेकऱ्याचे काम मुख्यतः थॅलॅमस नावाचा मेंदूचा भाग करतो. इजा झाली की पहारा ढिला पडतो आणि सगळे एकदम आत घुसते. पंखा, रिक्षा, दिवा आणि बायकोचे बोलणे यांत लहानमोठे काही उरत नाही. मेंदू दमतो, डोके भणभणते, माणूस चिडतो. उजेडाची खबर नेणाऱ्या वाटा आणि डोक्याच्या वेदनेच्या वाटा मेंदूत एकमेकींना भेटतात, त्यामुळे या रुग्णांना उजेड नुसता नकोसा होत नाही, तो खरोखर दुखतो.

वासाचेही असेच. नाकाच्या वरच्या टोकाकडून वासाचे नाजूक तंतू कवटीच्या तळातून मेंदूत जातात. डोक्याला जोराचा मार लागला तर ते तुटू शकतात आणि वास येणे बंद होते. अशा माणसाला गॅसगळती कळत नाही, नासलेले अन्न कळत नाही. घरच्यांनी हे ध्यानात ठेवले पाहिजे.

भीतीचा भोंगा

दुसरी जखम मनाची. तिला आघातोत्तर ताणविकार म्हणतात. डॉक्टर 'पीटीएसडी' असे लिहितात. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांची हालत पाहून अमेरिकेच्या मनोविकारतज्ज्ञांनी १९८० साली हे नाव आपल्या अधिकृत यादीत घेतले.

मेंदूत अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग आहे. तो धोक्याचा भोंगा. साप दिसला, गाडी अंगावर आली, की विचार करण्याआधी आपण बाजूला उडी मारतो, ती या भोंग्यामुळे. रणभूमीवर हाच भोंगा सैनिकाचा जीव वाचवतो. पण काही जणांचा भोंगा घरी आल्यावरही बंद होत नाही. फटाका वाजला, पत्र्यावर दगड पडला, की भोंगा वाजतो. छाती धडधडते, घाम फुटतो, हात आपोआप लपायची जागा शोधतात. हे तो ठरवून करत नाही. त्याला कळेपर्यंत शरीराने ते केलेले असते.

वास हा इथला मोठा खटका. वासाची वाट आठवणी आणि भावना सांभाळणाऱ्या भागांच्या अगदी जवळून जाते. म्हणून डिझेलचा, जळक्या रबराचा किंवा करपल्या मांसाचा वास आला की काही सैनिकांना तो दिवस आठवत नाही, तर पुन्हा भोगावा लागतो.

दोन्हींतला फरक

मेंदूच्या इजेत बहुधा कोणताही झगझगीत उजेड किंवा मोठा आवाज त्रास देतो, मग ते आवडीचे गाणे का असेना. दिवसभराच्या थकव्याने संध्याकाळी त्रास वाढतो. सोबत डोकेदुखी, चक्कर, मळमळ, विसराळूपणा असतो.

ताणविकारात बहुधा अचानक झालेला आवाज किंवा त्या प्रसंगाशी नाते असलेली गोष्ट त्रास देते. सोबत वाईट स्वप्ने, दाराकडे तोंड करूनच बसणे, पाठीमागे कोणी उभे राहिलेले न चालणे, गर्दी टाळणे, त्या प्रसंगाविषयी न बोलणे असते.

एकाच माणसाला दोन्ही असणे हेही नेहमीचेच, कारण एकाच स्फोटाने डोके हादरलेले असते आणि शेजारचा सोबतीही गेलेला असतो. म्हणून निदान घरी करू नये. आपले काम इतकेच की काय दिसते ते लिहून ठेवायचे आणि डॉक्टरांना दाखवायचे.

विश्वास ठेवला नाही तर काय होते

पहिल्या महायुद्धात या त्रासाला 'शेल शॉक', म्हणजे तोफगोळ्याचा धक्का, असे नाव पडले. चार्ल्स मायर्स या डॉक्टरांनी १९१५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रिकेत तीन सैनिकांची हकीकत छापली. गोळा जवळ फुटल्यावर त्यांची स्मृती, दृष्टी, वास आणि चव बिघडली होती. त्रास कागदावर आला, पण सगळ्यांच्या गळी उतरला नाही.

हॅरी फार हा पंचवीस वर्षांचा इंग्रज शिपाई. शेल शॉकमुळे १९१५ मध्ये तो पाच महिने इस्पितळात होता. हात इतका थरथरे की घरची पत्रे त्याच्यासाठी तिथली परिचारिका लिहून देई. बरा झाला म्हणून त्याला पुन्हा आघाडीवर पाठवले. सप्टेंबर १९१६ मध्ये त्याने वरिष्ठांना सांगितले की आता सोसवत नाही आणि पुढे जायला नकार दिला. लष्करी न्यायालयात त्याची बाजू मांडायला कोणी नव्हते. १६ ऑक्टोबर १९१६ रोजी भित्रेपणाच्या आरोपाखाली त्याच्याच सैन्याने त्याला गोळ्या घातल्या. घरी बायको आणि लहान मुलगी होती. त्यांची पेन्शन बंद झाली, वर बदनामी वाट्याला आली. पुढे त्याच्या मुलीने आणि नातीने वर्षानुवर्षे लढा दिला. शेवटी २००६ साली ब्रिटिश सरकारने त्याच्यासह त्या युद्धात देहदंड दिलेल्या ३०६ सैनिकांना माफी दिली. नव्वद वर्षांनी.

आज आपल्या घरात कोणी कोणाला गोळी घालत नाही. पण 'भित्रा', 'वेडा', 'कामचोर' हे शब्दही माणसाला आतून मारतात. असे शब्द ऐकलेला माणूस दवाखान्यात जात नाही. तो बाटलीकडे जातो, किंवा त्याहून वाईट वाटेला लागतो.

घरी काय करावे?

आपली घरे एका खोलीची, पत्र्याची, भिंतीला भिंत लागून. मोठ्या बंगल्यांतले उपाय इथे चालणार नाहीत. जे जमेल ते सांगतो.

१. फडफडणारी ट्यूब आधी बदला. छताच्या झगझगीत दिव्याऐवजी बाजूला कमी उजेडाचा दिवा लावा. मोबाइल आणि टीव्हीचा उजेड कमी ठेवा.

२. खोलीचा एक कोपरा जुन्या साडीचा किंवा चादरीचा पडदा लावून शांत करा. डोके भणभणले की त्याने तिथे पंधरा-वीस मिनिटे पडावे. त्या वेळी कोणी काही विचारू नये.

३. एका वेळी एकच आवाज. टीव्ही चालू असताना बोलू नका. बोलायचे तर टीव्ही बंद करा. मिक्सर लावण्याआधी, कुकरची शिट्टी होण्याआधी सांगा. अचानक येणाऱ्या आवाजापेक्षा सांगून आलेला आवाज कमी त्रास देतो.

४. मागून हात लावू नका. झोपेतून उठवताना गदागदा हलवू नका. पायथ्याशी, थोडे लांब उभे राहून नावाने हाक मारा. पोरांनाही हे शिकवा.

५. लग्नकार्यात त्याला कडेची, दाराजवळची जागा द्या. डीजेपासून लांब बसवा. उठून जावेसे वाटले तर जाऊ द्या, चारचौघांत अडवू नका.

६. फटाके वाजणार असतील तर आधी सांगा. अमेरिकेत ४ जुलैला स्वातंत्र्यदिनाचे फटाके उडतात, तेव्हा काही माजी सैनिक 'इथे युद्धावरून आलेला सैनिक राहतो, फटाके जपून उडवा' अशी पाटी घरासमोर लावतात. आपल्या गल्लीत पाटीची गरज नाही. मंडळाच्या पोरांना विश्वासात घेऊन वेळ आणि जागा ठरवून घेतली तरी पुरे.

काय करू नये?

पहिले, कायमचा अंधार करू नका. हे लोकांना पटत नाही, पण नीट समजून घ्या. मार लागल्यावर पहिले एक-दोन दिवस विश्रांती हवी. त्यानंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू रोजच्या कामाला लागायचे असते. घरातही सतत काळा चष्मा घातला तर डोळ्यांना अंधाराची सवय होते आणि उजेड आणखी बोचतो. दिवसभर कानात बोळे घातले तर मेंदू आवाज आणखी वाढवून ऐकू लागतो. काळा चष्मा उन्हात वापरावा, बोळे मिरवणुकीत वापरावेत, घरात नकोत. आज दहा मिनिटे उजेडात बसणे जमले तर काही दिवसांनी बारा. बाजारात आधी सकाळी, गर्दी नसताना जावे. डोके दुखायला लागण्याच्या जरा आधी थांबावे, दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे.

दुसरे, 'भीती मोडायची' म्हणून त्याच्यासमोर मुद्दाम फटाका फोडू नका. भीतीला थोडे थोडे सामोरे जाण्याचे उपचार आहेत आणि ते गुणकारी आहेत, पण ते शिकलेल्या तज्ज्ञाच्या हाताखाली, रुग्णाच्या संमतीने होतात. गल्लीतली चेष्टा म्हणजे उपचार नव्हे.

तिसरे, दारू. कॅन्टीनची बाटली सहज मिळते, पहिल्या रात्री झोपही लागते. पण दारू झोपेची घडी मोडते, स्वप्ने वाढवते आणि दुखावलेल्या मेंदूला बरे होऊ देत नाही. मेडिकलमधून आपल्या मनाने झोपेच्या गोळ्या आणू नका. डोकेदुखीच्या गोळ्या रोज खाल्ल्या तर त्या गोळ्यांचीच डोकेदुखी सुरू होते.

चौथे, अंगारे-धुपारे करत बसू नका. त्यात पैसा जातो, आणि वेळ जाते ती वेगळीच.

घरातल्या बाईसाठी दोन शब्द

हा सगळा भार शेवटी बायकोवर किंवा आईवर येतो. त्याची चिडचिड ही आजाराची खूण असू शकते. पण आजार आहे म्हणून मार खाल्लाच पाहिजे असे नाही. हात उगारला जात असेल तर पोरांना घेऊन आधी सुरक्षित जागी जा आणि ११२ वर फोन करा. यात त्याचा विश्वासघात नाही. उपचार त्याचा हक्क आहे, सुरक्षितता तुमचा. त्याने मरणाच्या गोष्टी काढल्या तर 'असे अभद्र बोलू नये' म्हणून विषय मिटवू नका. सरळ विचारा, जीव द्यावासा वाटतो का? विचारल्याने तो विचार वाढत नाही, उलट माणूस मोकळा होतो. घरातले कीटकनाशक, गोळ्यांचा साठा, हत्यार त्याच्या हाताला लागणार नाही असे ठेवा आणि त्याला एकटे सोडू नका.

ताबडतोब दवाखान्यात कधी न्यावे?

डोक्याला मार लागल्यावर पुढीलपैकी एक जरी गोष्ट दिसली तर थांबू नका, १०८ ला फोन करा : वाढत जाणारी डोकेदुखी, वारंवार उलट्या, जागे करूनही जागा न होणे, झटका येणे, बोबडे बोलणे, हातापायातली ताकद जाणे, एक बाहुली मोठी दिसणे, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा पातळ द्रव येणे. मार लागलेला नसताना ताप, मान आखडणे आणि उजेड न सोसणे एकत्र आले तर तो मेंदूज्वर असू शकतो. तिथेही तासाचा उशीर नको.

कुठे जायचे?

माजी सैनिकांसाठी ईसीएचएस योजनेचे पॉलिक्लिनिक आहे. कार्ड काढलेले नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा, अपंगत्व पेन्शनविषयीही तिथेच विचारा. स्फोट कधी, कुठे झाला, शुद्ध हरपली होती का, दवाखान्यात नेले होते का, हे तारखांसह वहीत लिहा आणि जुने वैद्यकीय कागद जपून ठेवा. जखम अंगावर दिसत नाही तेव्हा कागद लागतो. इतरांसाठी जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग असतो. टेली-मानसच्या १४४१६ क्रमांकावर दिवसरात्र फुकट बोलता येते, मराठीतही.

दवाखान्यात तीन तपासण्या मागून घ्या : डोळे, कान आणि मन. पुष्कळदा एकाच ठिकाणी गोळ्या घेऊन माणूस घरी येतो आणि बाकी दोन गोष्टी तशाच राहतात.

शेवटी एक गोष्ट. ही इजा फक्त लढाईतच होते असे नाही. अमेरिकन सैन्यात २००० सालापासून चार लाखांहून अधिक सैनिकांना मेंदूच्या इजेचे निदान झाले. त्यांतल्या बहुतेकांना ती रणांगणावर नव्हे, तर सराव, वाहनांचे अपघात, खेळ आणि पडझडीत झाली होती. बहुतेकांची इजा सौम्य होती आणि सौम्य इजा झालेली बहुतेक माणसे काही आठवड्यांत-महिन्यांत सावरतात. तेव्हा दुचाकीवरून पडलेला तुमचा मुलगा किंवा बांधकामावर डोक्याला मार लागलेला भाऊ आठवडाभराने 'दिवा बंद कर, डोके दुखते' म्हणाला, तर त्याच्यावर ओरडू नका. आधी दिवा बंद करा, मग त्याला डॉक्टरांकडे न्या.